एक खाच डावीकडे

आधी झाडूचा दांडा.
लोखंड मागाहून. लाकूड चुकलं तर चुलीत जातं, बाबा म्हणतात.
त्याचं एक टोक स्टिअरिंग बॉक्सच्या तोंडाशी,
दुसरं माझ्या छातीसमोर,
आणि मी दुधाच्या क्रेटवर, सीट अजून आलेलीच नाही,
हातात चाक म्हणून सॉनातल्या बादलीचं झाकण.
"कोपर सैल सोड. जेवायला बसल्यासारखी बस."
बाहेर उणे एकोणीस.
डिझेलच्या हीटरला खोकला झालाय.
फायरवॉलवर खडूचा गोल: इथून जायचं आरपार.

कॉलम कुरिक्काच्या भंगारातून आणलेला,
पेंटीकडून, चाळीस युरोत,
कुठल्याशा जपानी गाडीतला.
बाबांनी तो बाकावर आडवा ठेवला, टेप लावली,
मग कॅलिपर,
मग चष्मा बदलून पुन्हा कॅलिपर.
वहीतल्या आकड्याहून अठरा मिलिमीटर कमी.
नळीत नळी सरकलेली.
प्लास्टिकच्या खिट्ट्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या,
तुटून भोकाभोकांत त्यांचं पांढरं पीठ.

"हा एकदा दुमडून झालाय."

ओढून लांब करता येईल की, मी म्हटलं,
नव्या खिट्ट्या ठोकू, कोणाला कळतंय.
बाबांनी कानस खाली ठेवली
आणि उचलली नाही.

एन्सिओमामाच्या गाडीत दांडा एकसंध होता.
एकोणीसशे अडुसष्ट. बॉक्सपासून बरगडीपर्यंत एकच पोलाद,
कशापुढेही न वाकणारं.
शेजारच्या सीटवर बाबा होते.
एवढंच मला ठाऊक आहे, तेही आईकडून.
आईनं बटाटे सोलताना सांगितलं,
आणि मग पुढचा बटाटा घेतला.

बाबांनी पेंटीला फोन लावला.
पैसे परत मागणार, असं मला वाटलं.
"चालवत कोण होतं?"
फोनमधून पेंटीचा आवाज पत्र्यावर घासल्यासारखा:
कुणी बाई होती. दुसऱ्या दिवशी आली यार्डात,
मागच्या सीटवरची वेलचीच्या पावांची पिशवी न्यायला.
"आली म्हणजे? चालत?"
चालत नाहीतर काय. पाव कडक झाले म्हणून मलाच बोलली.

फोन ठेवून बाबा चिंधीला हात पुसत राहिले.
हात कोरडेच होते.
मग त्यांनी करवतींच्या शेजारी दोन खिळे मारले
आणि तो बिनकामाचा कॉलम
गुण्या लावून, अगदी काटकोनात, भिंतीवर टांगला.

दुसरा फेब्रुवारीत मिळाला. आकडा जुळला.
मग नुसतं काम.
भोक कानशीनं एकेक केसभर वाढवणं.
दोन जॉइंट, दोघांचे काटे एका रेषेत,
नाहीतर चाक अर्धी फेरी जड, अर्धी हलकं,
डचमळत्या घागरीसारखं.
एक्झॉस्टपासून अंतर दोन बोटं.
कोणाची बोटं, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली.
(बाबांची ठरली. जाड आहेत.)
कंस मी बसवला, वेल्डिंग माझं,
त्यांनी शिवणीवर हातोडी मारून कान लावला,
डॉक्टर लावतात तसा,
आणि काहीच म्हणाले नाहीत, म्हणजे ठीक.

मार्चमधला रविवार. अंगणातला बर्फ वरून कडक, आतून भुसभुशीत.
मी बसले. बाबांनी खिडकीतून हात घातला
आणि माझी छाती नि चाक यांच्यामध्ये मूठ ठेवली,
मूठीवर दुसरी मूठ,
आणि थोडी जागा उरली.
टायर सरळ होते.
चाक मात्र एक खाच डावीकडे बसलेलं, तिरक्या टोपीसारखं.
"काढते," मी म्हटलं, "मंगळवारी तपासणी आहे."
"मंगळवार परवा आहे."

ते वळसा घालून पलीकडे गेले.
तिकडे अजून क्रेटच.
त्याच्यावर बसले, गुडघे डॅशबोर्डला टेकवून,
धरायला काही नव्हतं, म्हणून
डॅशखाली हात घालून त्यांनी कॉलमची नळी धरली,
थंडगार, नवी, आत खिट्ट्या शाबूत,
आणि फाटकाकडे पाहत म्हणाले,
"हळू घे."